धान्यात निजलेली गणेशपट्टी

माझ्या नवऱ्याची ओळख करून द्यायला कुणालाच कधी अडचण पडली नाही. "बँकेत असतात," एवढं म्हटलं की समोरचा पुढच्या विषयाकडे वळायचा. माझी ओळख करून देणं मात्र आमच्या घरात कुणालाच शेवटपर्यंत जमलं नाही. सासूबाईंनी काही दिवस "ती दगड तपासते" असं सांगून पाहिलं. त्यावर शेजारच्या वहिनी आपल्या दिरांच्या मूतखड्याचे रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आल्या. मग सासूबाईंनी तो नाद सोडला आणि "नोकरी करते, लांब पडतं, पिरंगुटच्या पुढे," एवढ्यावर माझी ओळख आणून ठेवली.

तर खरं काय ते आता निवृत्तीनंतर एकदाचं सांगून टाकते. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपासून दोन हजार दहापर्यंत मी मुळशी तालुक्यात, पिरंगुट ओलांडून पौडकडे जाताना लागणाऱ्या एका लहानशा खासगी प्रयोगशाळेत काचेला आणि दगडाला टिचक्या मारायचं काम केलं. टिचकी मारली की जिन्नस थरथरतो. ती थरथर मोजायची आणि तो जिन्नस किती ताठ आहे ते कागदावर लिहून द्यायचं. याचा पगार मिळत असे, हे माझ्या वडिलांना पटायला फार वेळ लागला.

आपण माठ घेताना बोटाने वाजवून बघतो. खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर मुकाट खाली ठेवतो. आमचं शास्त्र त्याहून फार वेगळं नाही. दगडाचा किंवा काचेचा सरळ, लांबट तुकडा कापून घ्यायचा. तो दोन मऊ टेकूंवर आडवा ठेवायचा. स्टीलची गोळी लावलेल्या काडीने त्याला हलकेच टोला द्यायचा. तुकडा वाजतो, शेजारचा माईक तो आवाज पकडतो आणि यंत्र सांगतं की सेकंदाला इतकी कंपनं झाली. तुकड्याची लांबी, जाडी आणि वजन माहीत असलं की बाकी गणित आहे. जितका ताठ, तितका त्याचा सूर वर. सैल असेल तर सूर खाली उतरतो, आणि आत कुठे चीर असेल तर सूर उतरतोच, शिवाय लगेच विझतो.

यात खरी मेख टेकूंची. तुकडा असा वाजतो तेव्हा त्याचा मध्य आणि दोन्ही टोकं जोरात हलतात, पण दोन जागा अशा असतात की तिथे तो जवळजवळ हलतच नाही. त्या जागा प्रत्येक टोकापासून लांबीच्या चौथाईच्या थोड्या अलीकडे येतात. टेकू द्यायचे ते नेमके तिथे. दुसरीकडे दिले तर टेकूच थरथर गिळून टाकतात आणि चांगला दगड मुका वाटतो. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवत असे, आणि दुसऱ्या दिवशी तो हमखास विसरलेला असे.

गिऱ्हाइकांना मात्र यातलं काही ऐकायचं नसे. त्यांना एकच हवं असे, पास का नापास. नांद्याचे एक गृहस्थ त्यांच्या रानात बोअर मारून काढलेल्या खडकाच्या नळ्या घेऊन आले होते. जमीन इमारतीसाठी द्यायची होती, घेणाऱ्याने खडकाचा ताठपणा विचारला होता. वरच्या नळीत भोकंच भोकं होती आणि त्यात पांढरी गारगोटी भरलेली. तिचा आकडा कमी आला, खालच्या काळ्या नळीचा उत्तम आला. मी दोन्ही आकडे सांगितले तसे ते खुर्चीवर ताठ बसले.

"म्हंजी आमच्या रानातला दगड नापास?"

"नापास नाही हो. वरचा थोडा मऊ आहे, खालचा चांगला आहे."

"आमच्या आज्यानं त्या दगडात हीर खांदली. दोन पहारी मोडल्या त्याच्या. आन् तुमी मऊ म्हन्ता व्हय?"

आज्याच्या पहारींपुढे माझा आकडा फिका पडला. शेवटी मी त्यांना वरची नळी आणि खालची नळी आळीपाळीने वाजवून दाखवली. खालची टणकन वाजल्यावर ते समाधानाने म्हणाले, "ही आज्याची." मग चहा घेऊन गेले.

काचवाल्यांची तऱ्हा निराळी. हिंजवडीला काचेच्या इमारती उठायला लागल्या तसे आमच्याकडे काचेचे तुकडे येऊ लागले. मारुंजीचा एक खिडक्या बसवणारा टेम्पो घेऊन आला. एका हातात त्याची टफन, म्हणजे तापवून झटकन गार केलेली काच, दुसऱ्या हातात शेजारच्या दुकानदाराची साधी. त्याची काच जास्त ताठ आहे असं मी लिहून द्यावं, एवढंच त्याचं मागणं होतं. मी दोन्ही वाजवल्या. सूर जवळपास एकच. आता, ताठपणा म्हणजे वाकायला किती कांकूं करतो ते, आणि मजबुती म्हणजे तुटेपर्यंत किती सोसतो ते. टफन काच सोसते जास्त, पण वाकते साधीइतकीच. माणसांतही असे असतात, पण ते मी त्याला सांगितलं नाही. तो बिचारा दोन्ही काचांकडे पाहत म्हणाला, "मॅडम, थोडं तरी जास्त लिहा ना. उन्नीस-बीस." मी लिहिलं नाही. तो पुन्हा आला नाही.

एक गोष्ट मात्र मला कायम डाचत राहिली. आम्ही वाजवलेले बहुतेक दगड नंतर शेजारच्या खोलीत दाबयंत्राखाली जात, कारण मजबुतीही बघायची असे. सकाळी ज्याला गायला लावलं त्याचा दुपारी भुगा. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेले सूर आज कुठेच नाहीत. त्या प्रयोगशाळेची जागाही आता दुसऱ्या कुणाची आहे. एक दगड तेवढा आहे, अजून जागेवर, आणि त्याचीच हकीकत मला सांगायची आहे.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. केंद्रे नावाचा एक तरुण इंजिनिअर माझ्याकडे आला. मूळचा लातूरकडचा, मारुंजीत आयटीतल्या मित्रांबरोबर खोली घेऊन राहणारा. पौडच्या पुढे आत एका गावात ग्रामदेवीचं नवं दगडी देऊळ चाललं होतं, त्यावर तो देखरेख करत होता. मी दुपारचा डबा उघडायच्या आत त्याने माझ्या टेबलावर काळ्या दगडाचा एक कापलेला तुकडा ठेवला.

"मॅडम, आमची गणेशपट्टी पडली."

गणेशपट्टी म्हणजे गाभाऱ्याच्या दारावरची आडवी शिळा. मधोमध गणपती कोरलेला असतो आणि तिच्यावर वरच्या भिंतीचा सगळा भार येतो. ही पट्टी माणसाहून लांब, एकसंध काळ्या दगडाची. ट्रकमधून उतरवताना साखळी सरकली आणि तिचं एक टोक जमिनीवर आपटलं. वरून काही दिसत नव्हतं. केंद्र्याने पाणी मारून पाहिलं होतं, कारण दगड सुकताना चीर असेल तिथे ओल रेंगाळते. पण छिन्नीच्या खुणांनी भरलेल्या दगडावर कुठली ओल चिरेची आणि कुठली छिन्नीची, हे त्याला ठरवता येईना.

"आत चीर असेल आणि पट्टी वर चढवली, तर उद्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर येईल," तो म्हणाला. "मी सही करणार नाही. आणि सही केली नाही तर कमिटी तिथं सिमेंटचं लिंटल टाकणार. सोपानकाकांची पट्टी मग पडून राहणार."

सोपानकाका म्हणजे ती घडवणारे पाथरवट. जन्मभर छिन्नी-हातोडा चालवून त्यांचे कान गेले होते. समोर उभं राहून ओरडलं तरी त्यांच्यापर्यंत पोचत नसे. त्यांची बायको सखूबाई कानाशी तोंड नेऊन बोलायची, तेवढं काय ते कळायचं. हातही आता थरथरायला लागले होते. इतकं मोठं काम यापुढे होणार नाही, हे ते स्वतःच सांगत. पट्टी बाजूला पडली असती तर त्यांचं शेवटचं काम देवळामागच्या गवतात गेलं असतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने हा सोपानचा फुटका दगड म्हणून तिच्यावर बसून विडी ओढली असती. केंद्रे हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. आपल्याच हट्टापायी हे होणार, हे त्याला कळत होतं, आणि हट्ट बरोबर होता हेही कळत होतं. मला तो मुलगा आवडला.

त्याने आणलेला तुकडा पट्टीच्याच शिळेतून कापून उरलेला होता. मी तो वाजवला. उत्तम दगड. त्याच्या ताठपणावरून, पट्टीची लांबी-रुंदी-जाडी धरून, अख्खी पट्टी कुठल्या सुरात वाजायला हवी तो आकडा काढला. आता पट्टी त्या आकड्याच्या आसपास वाजली तर धडधाकट, बरीच खाली वाजली तर आत चीर. पट्टी काही माझ्याकडे येणार नव्हती, म्हणून मीच यंत्राची पेटी घेऊन एसटीने पौडला उतरले आणि पुढे केंद्र्याच्या मोटारसायकलवर, पेटी मांडीवर घेऊन, गावात पोचले.

देवळापुढे मांडव होता, लाडक्या लेकीबाळी माहेरी यायला निघाल्या होत्या, दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी चढवायला क्रेन येणार होती. क्रेन यायची की नाही ते त्याच दिवशी सांगायला हवं होतं. कमिटीचे अध्यक्ष बबनराव मला बघताच घड्याळ बघू लागले.

"म्याडम, काय त्ये झटकन सांगा. न्हाईतर शिमिट आणून ठिवलंय."

"पट्टी कुठे आहे?"

"ही काय, मांडवात. निजलीया."

मी मांडवात पाहिलं आणि पेटी खाली ठेवली. पट्टी भातात पुरलेली होती. खाली भाताची पोती एकाला एक चिकटून आडवी अंथरलेली, त्यांवर पट्टी, आणि वरून सुट्या भाताची रास. त्यातून पट्टीची टोकं आणि गणपतीचा चेहरा तेवढा बाहेर, कपाळाला कुंकू.

झालं होतं असं. स्थापनेआधी मूर्तीला धान्यात ठेवतात, तो धान्याधिवास आपल्या माहितीचा आहे. गावाने देवीच्या मूर्तीसाठी घरटी आंबेमोहोर गोळा केला. मूर्ती लहान, भात मुबलक. गुरवाच्या घरच्या यमुनाबाई, देवीचं सगळं बघणाऱ्या, म्हणाल्या की पट्टीवर पण देवच हाय, मग त्यालाच उपाशी का ठेवायचं? बायकांना पटलं. चेनपुली लावून पट्टी पोत्यांवर आणली गेली आणि गणपतीची सोय झाली. मुळशीत भाताला काय तोटा!

बबनरावांचा धीर सुटलेला होता. मी काही म्हणायच्या आत त्यांनी शेजारच्या गवंड्याची हातोडी उचलली आणि पट्टीच्या उघड्या टोकाला ठोका दिला.

थप्.

ओल्या गादीवर मारावं तसा आवाज. मांडवातल्या सगळ्यांची तोंडं उतरली. केंद्रे हळूच म्हणाला, "गेली, मॅडम."

मांडवाच्या खांबापाशी एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. आवाज त्याने ऐकला नव्हता, पण सगळ्यांचे चेहरे त्याला दिसत होते. त्याने बायकोकडे पाहिलं. सखूबाईने मान खाली घातली. तो वळला आणि कोपऱ्यात पडलेल्या आपल्या छिन्न्या एक-एक करून फडक्यात गुंडाळायला लागला.

मला राग आला की माझा आवाज चढतो. घरी सगळ्यांना माहीत आहे.

"कोण गेली?" मी केंद्र्याला म्हणाले. "तुला गळ्यापर्यंत भातात पुरून गाणं म्हणायला सांगितलं तर म्हणशील तू? तुला टेकूंचं सांगितलं होतं ना? भात सगळी थरथर गिळतोय. यातून नवी घंटासुद्धा वाजणार नाही. ही पट्टी आधी बाहेर काढा."

पट्टी बाहेर काढा म्हणताच यमुनाबाई पुढे आल्या. ठेंगण्या, नाकात मोठी नथ, आवाज माझ्याहून वरचा.

"देव धान्यात निजलाय. उद्या सकाळच्याला उठवायचा. मधी त्याला कुनी हलवायचं न्हाई."

"अहो आजी, निकाल आजच लागायला हवा."

"लागंना का. पर देव हलायचा न्हाई."

बबनराव म्हणाले, "आजी, पाच मिंटाचं काम हाय."

"तुला झोपंतनं कुनी पाच मिंटं हलीवलं तर चाललं का रं बबन?"

बबनरावांनी हातोडी गवंड्याला परत दिली. त्यांच्या झोपेची गावाला माहिती असावी, कारण मागे काही बायका हसल्या.

मी पट्टीभोवती एक फेरी मारली. रागावून उपयोग नव्हता. यमुनाबाईंचा नियम त्यांच्या जागी पक्का होता, माझा माझ्या जागी. पोत्यांकडे पाहता पाहता माझ्या डोक्यात आलं की या दोन नियमांचं भांडण नाहीच मुळी.

"आजी," मी म्हणाले, "देवाला हात लावायचा नाही, कबूल. धान्याला लावला तर?"

त्या विचार करू लागल्या. "धान्याला काय... त्ये तर उद्या भंडाऱ्यालाच काढायचं हाय."

"मग आज काढलं तर?"

"काढा की. पर सगळं न्हाई काढायचं. देव धान्यावं राह्यला पायजे."

"दोन पोती खाली राहिली तर?"

"दोन राह्यली तरी धान्यावंच की."

मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. दोन टेकू, तेही मऊ, एवढंच तर मला हवं होतं. प्रयोगशाळेत आम्ही त्यासाठी फोमच्या पट्ट्या वापरायचो. पण एवढ्या शिळेला भाताच्या पोत्याइतका चांगला टेकू मला शोधूनही सापडला नसता.

मी टेप काढून टोकांपासून मोजलं आणि थोडा भात बाजूला सारून पट्टीच्या कडेवर खडूने दोन खुणा केल्या. त्या खुणांखालची दोन पोती ठेवायची, बाकी सगळी रिकामी करायची. मग जे काही सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. बायकांनी वरची रास सुपांनी आणि पाट्यांनी उपसली. गणपती आधी गळ्यापर्यंत, मग पोटापर्यंत दिसू लागला. मग खालच्या पोत्यांची तोंडं सोडली. भात सळसळत बाहेर येऊ लागला, पोती चपटी होत गेली आणि एक-एक ओढून काढली. केंद्रे आडवा पडून पट्टीखाली विटा सरकवत होता, पट्टीला न टेकतील अशा. पोतं दगा देऊन बसलं तर पट्टी विटांवर थांबावी म्हणून. एक पोतं माझ्या खुणेपासून चार बोटं बाहेर होतं. तेवढं चालतं, म्हणून मी सोडून दिलं. यमुनाबाई मात्र सगळा वेळ देवाला कुणाचा हात लागत नाही ना ते बघत उभ्या होत्या. केंद्र्याची टोपी गणपतीच्या सोंडेला घासली तेव्हा त्यांनी त्याच्याकडून हात जोडून क्षमा मागवून घेतली.

सोपानकाका छिन्न्या गुंडाळायचे थांबले होते. सखूबाई त्यांच्या कानाशी काहीतरी ओरडली. ते येऊन थोडे लांब उभे राहिले, कशावरच भरवसा ठेवायचा नाही असं ठरवल्यासारखे.

आता शेवटची अडचण. टोला मधोमध द्यायचा आणि माईक टोकाशी धरायचा, ही आमची नेहमीची पद्धत. मधोमध गणपती. मी काडी उचलल्याबरोबर यमुनाबाईंचा हात आडवा आला.

"देवाला मारतीस व्हय गं?"

नशिबाने दगडाला या बाबतीत फरक पडत नाही. टोला टोकाला दिला आणि कान मध्यात ठेवला तरी उत्तर तेच येतं. म्हणून मी माईक गणपतीच्या समोर धरायला केंद्र्याला दिला. सभेत मंत्र्यापुढे धरतात तसा त्याने तो सोंडेपुढे धरला. मी टोकाशी उभी राहिले. 

टोला दिला.

पट्टी वाजली. बारीक, गोल, मध्यम उंचीचा एक सूर निघाला आणि मांडवभर पसरून राहिला. देवळाच्या भिंतीत घुमला.  सूर हळूहळू पातळ होत गेला, एकदम तुटला नाही. भजनी मंडळाचे एक गृहस्थ आपल्या पेटीजवळ बसले होते. त्यांनी भाता ओढून सूर शोधला आणि मान डोलावून म्हणाले, "काळी दोन."

यंत्रावरचा आकडा माझ्या कागदावरच्या आकड्याच्या अगदी शेजारी होता. जो थोडा फरक होता तो गणपतीच्या कोरीवकामाचा. मी पुन्हा वाजवली, दुसऱ्या टोकाने वाजवली, पट्टीच्या वरच्या अंगावर वाजवली, मग बाजूच्या अंगावर. कुठेही सूर खाली आला नाही, लगेच विझला नाही. केंद्र्याने आकडे पाहिले आणि तोंडभर हसला. त्याचा हट्ट बरोबर होता आणि त्यापायी कुणाचं काही बिघडलंही नव्हतं.

"बबनराव," मी म्हणाले, "क्रेन बोलवा."

मग एकच गलका झाला. सिमेंटचं पोतं कुणाच्या गोठ्याला उपयोगी पडेल यावर चर्चा सुरू झाली. यमुनाबाईंनी गणपतीवर पुन्हा चार मुठी भात टाकला, झोपमोड झाली म्हणून. सखूबाई नवऱ्याच्या कानाशी जाऊन ओरडली, "वाजली! पट्टी वाजली!"

सोपानकाकांनी तिला हातानेच उडवून लावलं. मग बऱ्याच मोठ्या आवाजात, कान गेलेली माणसं बोलतात तसे, म्हणाले, "मला बरं वाटावं म्हनून सांगतीस."

"अवं देवाशप्पत वाजली."

"मगाशी समद्यांची त्वांडं पडली. आता हसत्यात. म्हातारं हाय, म्हना काईतरी ग्वाड." आणि ते पुन्हा आपल्या फडक्याकडे वळले.

हे मला सहन होईना. गाव जिंकलं होतं, आणि ज्याच्यासाठी ते सगळं चाललं होतं तो माणूस हरलाच होता. मी जाऊन त्यांचं मनगट धरलं. बाईमाणसाने असं भर मांडवात मनगट धरल्यावर ते चमकले, पण आले. मी त्यांचा तळवा पट्टीच्या टोकावर ठेवला. बोटं हलकी ठेवा, दाबू नका, असं खुणेने सांगितलं. दुसऱ्या टोकाला जाऊन टोला दिला.

म्हाताऱ्याचा हात चटका बसल्यासारखा वर उडाला. त्यांनी बोटांकडे पाहिलं. मग हात परत ठेवला आणि मला म्हणाले, "परत."

मी परत वाजवली. ते डोळे मिटून उभे होते. "हाय," ते म्हणाले. "आतनं येतंया." मग हात सरकवत सरकवत, प्रत्येक वेळी मला "परत" म्हणत, ते पट्टीवरून पुढे चालले. खडूच्या खुणेपाशी आले आणि दचकले. "हितं न्हाई! हितं काई न्हाई!" त्यांच्या चेहऱ्यावर मघाची भीती पुन्हा उतरलेली मी पाहिली. सखूबाईला मी सांगितलं, तिने कानात ओरडून सांगितलं की तिथं नसतंच, चांगल्या दगडातही नसतं, म्हणून तर पोतं तिथं ठेवलंय. त्यांनी हात थोडा पुढे नेला. "हाय. हितं हाय." गणपतीपाशी पोचल्यावर त्यांनी यमुनाबाईंकडे पाहिलं. यमुनाबाई म्हणाल्या, "तुमीच घडीवलाय. लावा हात." त्यांनी गणपतीच्या पोटावर हात ठेवला. मी माझ्या आयुष्यात कुठल्याही दगडाला एवढ्या काळजीने टोला दिला नव्हता.

ते रडले. न लपवता रडले, आणि मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दगूड बोलतोय रं." मलाही रडू आलं. केंद्रे तिकडे उगाच वायर गुंडाळत बसला होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी पुन्हा गेले. माझं तिथे काहीच काम नव्हतं. यमुनाबाईंनी देवाला उठवलं, क्रेनने पट्टी उचलली, गवंड्यांनी ती दारावर अलगद बसवली. दोन्ही टोकं भिंतीत गेली, फटी भरल्या आणि मग तिच्यावर वरचे दगड चढू लागले. सोपानकाका शिडीवर चढून पट्टीला हात लावून उभे होते. दगडाचा एकेक थर बसत होता, गवंडी हातोडीने ठोकून तो जागेवर आणत होते. शेवटी काकांनी हात काढून घेतला आणि खाली उतरले. मांडवातल्या जेवणाच्या पंगतीकडे जाताना ते मला म्हणाले, "गप झाली वो बाई ती आता."

मी त्यांना समजावणार होते की दोन्हीकडून आवळल्यावर आणि वर भार आल्यावर दगड वाजत नाही, यात काही बिघाड नाही. पण सखूबाई माझ्या आधी त्यांच्या कानाशी पोचली होती.

"गप झाली म्हंजी कामाला लागली," ती ओरडली. "चला, पान वाढलंय."